रविवारचा पेशंट

दर रविवारी मी मरतो. अम्मानच्या आमच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांना मरणाच्या दारातल्या माणसाशी कसं बोलायचं, ते मी शिकवतो. त्यासाठी डोक्याला लाल चौकडीचा रुमाल गुंडाळून स्वतःच अबू फव्वाझ नावाचा कॅन्सरचा पेशंट होतो. 'इन्शाल्लाह, बरे व्हाल' म्हणून जो पळ काढेल तो नापास! खोकतो तर असा, की पोरं म्हणतात, "सर, तुम्ही सिनेमात जायला हवं होतं." बायको म्हणते, "सिनेमा पुरे. तो खोकला आता घरीही येतोय, एकदा तपासून घ्या." तिचं तोंड बंद व्हावं म्हणून तेही केलं.

आज वेलचीची कॉफी पीत बसलो होतो, तर माझी विद्यार्थिनी लुजैन आली. तिने दार लोटलं, मोबाइल बंद केला आणि खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर बसली.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय झालं असेल? घरच्या कुणाला बोलावू का?"

मी खूश. शब्दन् शब्द माझाच! लगेच अबू फव्वाझच्या आवाजात कण्हलो, "पोरी, आढेवेढे नकोत. काय ते सांगून टाक."

तिचे डोळे भरून आले.

"शाब्बास! दहापैकी नऊ," मी म्हणालो. "डोळ्यांत पाणी आणलंस, म्हणून एक कापला. पेशंटसमोर रडायचं नाही, कितीदा सांगितलंय?"

तिने माझा हात हातात घेतला.



"सर, आज मंगळवार आहे."