जोडकडं

प्रमिलाच्या मनगटावरचं जोडकडं तीन दिवस गप्प होतं. बोटीवर कामाला जाताना तिच्या नवऱ्याने, जनार्दनने एक कडं तिला घातलं होतं, दुसरं स्वतःला. त्याच्या हृदयाचे ठोके तिच्या मनगटाला जाणवायचे, तिचे त्याच्या.

दुरुस्तीच्या दुकानात याकूबभाईने कड्याची कड गरम करून गोंद सैल केला, झाकण उचकटलं आणि आतली रबरी रिंग चिमट्यात धरली.

"वहिनी, हे आधी कुणीतरी उघडलंय. कंपनी ग्रीस लावते, इथे खोबरेल आहे. त्याने रबर फुगलं, पाणी शिरलं, बॅटरी गेली."

बिजागरीपासून बुटापर्यंत सगळ्याला खोबरेल चोपडणारा माणूस तिच्या घरात एकच होता.

"आणि तिकडून येणारे ठोके पकडणारा भाग काढलाय. त्याच्या जागी खेळण्यातलं यंत्र बसवलंय, एकाच चालीत ठोके देणारं."

कार्तिकातल्या वादळात आळीतल्या बायका आपापल्या कड्यांनी धडधडणारी मनगटं धरून बंदरावर रडत होत्या. तिच्या कड्याचे ठोके तेवढे संथ होते. माझा माणूस डगमगत नाही, असं तिने चारचौघींत अभिमानाने सांगितलं होतं.

"माझे ठोके तरी जात होते का त्याच्याकडे?"

"तो भाग शाबूत आहे. बॅटरी गेली तेव्हापासून बंद झाले असतील. नवी घातली की लगेच जातील."

म्हणजे तीन दिवस त्याच्या मनगटावर तिचं हृदय थांबलेलं होतं. प्रमिलाने पिशवीतून फोन काढून पाहिला. बोटीवरून फोन लागायचा, पण जनार्दनचा एकही आला नव्हता.

"बॅटरी राहू दे, याकूबभाई," ती म्हणाली.