हेराची भूमिका

अभिजितने भूमिका वाचून दाखवल्या तेव्हा विभावरी डब्यातल्या चकल्या ताटात काढत होती. हेरा म्हणून मृणालिनीचं नाव आलं आणि तिचा हात तसाच थांबला.

परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची ओंगारच्या हॉलमधली ती पहिली बैठक. इथल्या मुलांना ग्रीक देवांची अख्खी वंशावळ पाठ, म्हणून यंदा ऑलिंपसवरचे देवच मराठी बोलणार होते. लेखक-दिग्दर्शक अभिजित. झ्यूसच्या भानगडींनी पेटून उठणारी त्याची बायको हेरा, हीच नाटकाची नायिका. विभावरीच्या वाट्याला हेस्टिया आली होती, चुलीची देवी. तिला वाक्यं तीन.

गेली नऊ वर्षं मंडळाची नायिका विभावरीच होती. मृणालिनीला इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

विभावरीने अभिजितला बाजूला घेऊन कारण विचारलं. तो अवघडला.

"हेराला आतून जळता यायला हवं, ताई. तुम्ही फार शांत आहात."

घरी तिने गिरीशजवळ मन मोकळं केलं. तो पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर. बुधवारी ड्युटी असली की मुक्काम तिकडेच. हौशी नाटक ते, मनाला लावून घेऊ नकोस, सगळं इथल्या भाषेत 'ग्रँड', म्हणजे छान होईल, असं म्हणून त्याने तिच्यासाठी आलं घालून चहा टाकला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे तिला तेवढ्या रागातही वाटून गेलं.

तालमी सुरू झाल्या. मृणालिनी चांगलं काम करत होती, हेच खरं दुखणं होतं. झ्यूसच्या गाय झालेल्या प्रेयसीमागे चावरी गोमाशी सोडण्याचा प्रवेश तिने असा केला, की खुर्च्या लावणारेही थबकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विभावरीनेही वाजवल्या, आणि घरी जाताना गाडीत रडली.

वर मृणालिनी बुधवारी तालमीला यायची नाही. कंपनीत शिफ्ट असते म्हणे. अभिजित चकार शब्द न काढता तिचे प्रवेश शनिवारी उरकायचा, तासभर जास्त थांबून तिला एकेक जागा समजावायचा. विभावरीसाठी असा कोणी कधी थांबला नव्हता. ते बघता बघताच तिला वाट सुचली.

मृणालिनीचा नवरा देवदत्त डंडॉकला नोकरीला होता, आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहायचा. अबोल, साधा माणूस. गुरुवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत विभावरीने खोट्या नावाने एक ईमेल खातं उघडलं आणि त्याला लिहिलं, की तुमच्या पत्नीचं आणि अभिजितचं प्रकरण तालमीत सगळ्यांच्या डोळ्यांवर येतंय. घर सांभाळायचं असेल तर तिला नाटकातून काढा.

त्यातला एकही शब्द खरा नव्हता. पाठवण्याआधी देवदत्तचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने क्षणभर डोळे मिटले आणि बटण दाबलं.

शनिवारी मृणालिनी आली नाही. घरच्या अडचणीमुळे तिने नाटक सोडलंय, असं अभिजितने उतरल्या चेहऱ्याने सांगितलं आणि विभावरीकडे वळून विचारलं, हेरा कराल का? तिने विचार करून सांगते म्हणायचं ठरवलं होतं. पण तोंडातून हो निघून गेलं.

सगळी वाक्यं तिला पाठच होती. गोमाशीचा प्रवेश तिने कागद न बघता केला. अभिजितने मान हलवली.

"राग पोचतोय, ताई. जळणं अजून दिसत नाही."

चहाची सुट्टी झाली. ती हॉलच्या स्वयंपाकघरात एकटीच जाऊन उभी राहिली. सवयीने फोन उघडला. त्या खोट्या खात्यावर देवदत्तचं उत्तर आलेलं होतं.

"नमस्कार. तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, आभारी आहे. लोकांत बोलणं नको, म्हणून मृणालिनीला नाटकातून काढलं आहे. पण तुमचा नावात घोटाळा झालाय. अभिजित निर्दोष आहे, त्याला यात ओढू नका. तो माणूस म्हणजे डॉक्टर गिरीश, हे मला वर्षभरापासून माहीत आहे. एवढी एकच विनंती, विभावरीताईंपर्यंत हे जाऊ देऊ नका. फार भली बाई आहे ती."