आतली कडी

"सही करा वहिनी, मुलींचं शौचालय पूर्ण झालं," म्हणत हेडमास्तरांनी शाळा समितीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

मी पेनाला हात लावला नाही. "दाराला आतून कडी कुठाय?"

"बाहेरून आहे की. कुत्री शिरू नयेत म्हणून." समितीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या.

"कुत्र्यांचा बंदोबस्त झाला. पोरींचं काय? वापर सुरू झाल्यापासून एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी असते. मैत्रीण शिफा शाळेत आली नाही, तर माझी दीक्षा दिवसभर पाणी पीत नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढून उगाच पुसला. "माझ्या लक्षातच आलं नाही, वहिनी." लगेच त्यांनी शिपायाला बाजारात पिटाळलं. कडी बसली, तेव्हाच मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुद्दाम बघायला गेले. दीक्षा आत शिरली. कडी खट्‌कन लागली. शिफा तरीही बाहेर, दाराला पाठ लावून उभी.

"अगं, आता कडी आहे. जा खेळायला."

ती हलली नाही. तेवढ्यात आतून दीक्षाचा आवाज आला, "आहेस ना गं?"

"आहे."