फोरमनची खुर्ची

आजोबा छापखान्यात होते, तेव्हा फोरमनशी त्यांचं रोज वाजायचं. आता ते घरातल्या सगळ्यांना विसरलेत, मला, त्यांच्या चिमणीलासुद्धा! फोरमनला मात्र नाही. रोज दुपारी समोरच्या रिकाम्या खुर्चीशी तावातावाने भांडतात. "साहेब, ती चूक माझी नव्हती!"

आज म्हटलं, हे भांडण मीच मिटवते. शाळेच्या नाटकात बक्षीस काय उगाच मिळालं मला? मी ऐटीत त्या खुर्चीत बसले आणि आवाज घोगरा करून म्हणाले, "चूक माझीच होती. माफ करा."

आजोबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"चिमणे?"

त्यांनी मला ओळखलं होतं! मी आनंदाने ओरडणारच होते.

"ऊठ आधी," ते पुटपुटले. "साहेबांच्या मांडीवर काय बसलीस?"

आणि माझ्याखाली दोन गुडघे हलले.