थोडं बरं, फार नाही

मनोरुग्ण बेघरांना खोल्या देणाऱ्या त्या संस्थेत दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची. डोकं फारच बिघडलेलं वाटलं तर इस्पितळात रवानगी, आणि माणूस ठणठणीत दिसला तर खोली काढून पुढच्याला. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून देखरेखीच्या ताईंनी तिथे राहणाऱ्या टेलरमास्तरांना पढवून ठेवलं होतं, "कुणीही विचारू दे, 'थोडं बरं आहे, पण फार नाही' एवढंच म्हणायचं."

मास्तर रात्री घोरत झोपायचे, दिवसभर अख्ख्या इमारतीचे उसवलेले कपडे शिवायचे आणि तपासणीला मान खाली घालून तेवढंच म्हणायचे. सहा वर्षं खोली टिकली.

त्या दिवशी तपासणीचे साहेब शेजारच्याच खोलीत होते, दारं सताड उघडी. तेवढ्यात मास्तरांची मुलगी आली. डोकं फिरून घराबाहेर पडलेल्या बापाचा पत्ता तिला आत्ता कुठे लागला होता. हातात मास्तरांनीच कधीकाळी शिवलेली मोठी पिशवी होती, रिकामी. ती पलंगावर टेकली.

"बाबा, आता बरं आहे ना तुम्हाला?"

शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं.

"थोडं बरं आहे," ते म्हणाले. "पण फार नाही."

मुलीने पिशवीची हळूहळू घडी केली.

"मग राहा इथेच. घरात लहान मुलं आहेत, बाबा. पूर्ण बरे झालात की न्यायला येते."