अकरावा ठिपका

रामदासपेठेतल्या ऑफिसच्या पडद्यावर सत्तर सर्व्हरांचे सत्तर हिरवे ठिपके होते. बाकीचे दर मिनिटाला एकदा लुकलुकत होते. अकरावा नुसताच हिरवा होता. दीप्तीने तपासलं, तर तो सर्व्हर तीन तासांपासून बंद होता.

"मग लाल काहून नाही झाला?" उमाटे सरांनी विचारलं.

"सर, सर्व्हर दर मिनिटाला नोंद पाठवतो. नोंदीत बिघाड दिसला की ठिपका लाल होतो. याच्याकडून नोंदच आली नाही. आणि नोंद नाही म्हणजे तक्रार नाही, हे तुम्हीच ठरवलं होतं."

"बरं, सुरू करा त्याले." सर खुर्चीत रेलले. "तुमचं बाकी बरं आहे, मॅडम. आधी दर सोमवारी मागे लागायच्या, एकटीनं होत नाही, आणखी माणूस द्या. आता तीन महिने झाले, एक शब्द नाही. म्हणजे मस्त चालून राहिलं न?"

दीप्तीने अकराव्या ठिपक्याकडे पाहिलं आणि तीन महिने मनात ठेवलेलं सांगून टाकलं.

 

"सर, मी नोकरी सोडून राहिली."