डब्यातली शेवटची भाकरी

शालनआजीनं जन्मभर कडक भाकऱ्या थापल्या, त्या दुकानांना विकल्या आणि त्यावरच मुलाला, सतीशला, शिकवलं. ती गेली तेव्हा डब्यात तिच्या हातच्या थोड्या भाकऱ्या उरल्या होत्या. पापडासारख्या वाळलेल्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या. घरच्यांनी त्या पुरवून पुरवून खाल्ल्या.

आज एकच राहिली होती. सतीशची मुलगी प्रतिक्षा त्या भाकरीला कुणाला हात लावू देईना.

"आजीची बोटं उठलीत हिच्यावर, पप्पा. असू दे की."

"येडे, अन्न असं ठेवून देतात व्हय? आई असती तर पाठीत धपाटा घातला असता तुझ्या." सतीशनं हात पुढं केला. "आण हिकडं. अर्धी तुला, अर्धी मला."

ताटात आमटी वाढलेली होती. प्रतिक्षानं भाकरी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि तो ओळखीचा 'कट्' आवाज ऐकायला जीव कानांत गोळा करून ती मोडायला घेतली.

आवाज आलाच नाही. भाकरी वाकली आणि मधोमध दुमडली.

पापुद्रा अलगद सुटला आणि आतून वाफ आली.